सोडलेला गँबिट

आषाढी एकादशीला चारुशीला मोघेने राजाचा गँबिट सोडला, आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

चातुर्मासात माणसं काय काय सोडतात. कुणी कांदा-लसूण, कुणी वांगं, कुणी गादीवर निजणं. चारुशीलेच्या सासूबाई मीठ सोडत आणि वर सगळ्या घराला अळणी जेवायला लावत. पण सोडायचं ते आवडीचं असावं, नाहीतर ती देवाची फसवणूक, असं चारुशीलेला वाटे. वांगं तिला तसंही आवडत नव्हतं, कांद्यावाचून कधी अडलं नव्हतं. जीव अडकला होता तो दोनच ठिकाणी, एक नवऱ्यात आणि दुसरा बुद्धिबळातल्या त्या एका सुरुवातीत. नेम नवऱ्यासाठी करायचा म्हटल्यावर सोडायला दुसरं उरलं काय?

राजाचा गँबिट म्हणजे दुसऱ्याच चालीला आपलं एक प्यादं, तेही राजाच्या अंगावरच्या पांघरुणातलं, समोरच्यापुढे फुकट ठेवायचं. घे म्हणायचं. तो खाण्यात गुंतला की आपल्या हत्तीला, उंटाला वाटा मोकळ्या होतात. मग तुटून पडायचं. नाही जमलं तर आपलाच राजा उघड्यावर. या डावाच्या जोरावर चारुशीला तरुणपणी सांगली जिल्ह्याची विजेती झाली होती. महिला मंडळातल्या बायका त्याला ‘चारूचा नैवेद्य’ म्हणत. “आला बाई नैवेद्य,” असं म्हणत पद्मजा भिडे प्यादं उचलायची, “आता प्रसाद म्हणून मार खायचा.”

त्या ज्येष्ठात तिचे यजमान विद्याधर अंघोळीहून येता येता दारातच खाली बसले. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून आल्यावर हळूहळू बरंच सावरलं. काठी धरून बाल्कनीपर्यंत येऊ लागले. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, त्यामुळे स्वतःच्या आजाराबद्दलही फळ्यावर आकृती काढल्यासारखं बोलत.

“परत झालं ना,” एका संध्याकाळी ते म्हणाले, “तर मला त्या काचेच्या खोलीत नको ठेवूस. नळ्याबिळ्या नकोत. सरळ घरी आण.”

“असलं काही बोलू नका.”

“बोलतोय कुठे, सांगतोय.”

“मग लिहून तरी ठेवूया. आपल्या तन्मयला कळेल.”

“लिहायचं कशाला? तू आहेस ना.”

एकादशीच्या सकाळी देवघरात बाळकृष्णासमोर बसून तिने हातावर पळीभर पाणी घेतलं. यांना घरात राहू दे; कार्तिकीपर्यंत मी तो डाव मांडणार नाही. पाणी ताम्हनात सोडलं. नेम बोलून दाखवला की निम्मा त्या बोलण्यातच खर्च होतो, असं तिची आई म्हणायची. ते चारुशीलेने आयुष्यभर पाळलं होतं.

*

बुद्धिबळ ती रोज खेळत होतीच. साठी ओलांडलेल्या सगळ्यांनाच फोनवर ‘रोजचा डाव’ खेळावा लागे. ज्यांना बुद्धिबळ येत नसे त्यांच्यासाठी पत्ते होते, सोंगट्या होत्या. सक्ती मुळीच नव्हती. फक्त न खेळणाऱ्याची, किंवा डावातून निघणारा आकडा फार घसरलेल्याची, सही बँकेत आणि दवाखान्यात चालत नसे.

श्रावणातल्या एका दुपारी विद्याधरांनी तिला त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं. बोलताना जीभ अजून अडखळत होती, पण डोळ्यांत जुना मास्तर जागा झाला होता.

“हे बघ,” त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर एक उतार काढला. “कोट्यवधी डाव तपासले लोकांनी. नवशिक्यांच्यात तुझा नैवेद्य ठेवणारा जास्त वेळा जिंकतो. समोरचा हावरा असतो, घेतो आणि अडकतो. खेळणारे जरा शहाणे झाले की बरोबरी. आणि आणखी वर गेलं की ठेवणाराच मार खातो. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत आंबा घाटासारखा सलग उतार. दरवर्षी तोच, देश कुठलाही असो.”

“वरच्यांना फसवता येत नाही म्हणून?”

“वरचा खेळाडू प्यादं घेतो, आणि योग्य वेळ पाहून परत करून टाकतो. त्याला तुझ्या देण्याचं ओझंच होत नाही.” ते स्वतःवरच खूश झाले. “आता हा उतार उलटा वाच. तो जर इतका पक्का आहे, तर माणूस देतो कसा आणि घेतो कसा, एवढं पाहिलं तरी तो कुठल्या पायरीवर उभा आहे ते कळतं. रोज पाहिलं, तर घसरतोय का तेही कळतं.”

“म्हणून रोजचा डाव.”

“म्हणून. आणि त्यात त्यांना आणखी एक सापडलं. स्मृतिभ्रंश होणारी माणसं नावं विसरायच्या कितीतरी आधी गँबिट सोडतात. कारण द्यायला पुढचं दिसावं लागतं. मेंदूचा पुढचा भाग आखडला की माणूस हातचं सोडायला भितो, कोपऱ्यात बसून खेळतो. दहांतल्या नऊ जणांत हे खरं ठरलंय. साधी गोष्ट नाही ही.”

चारुशीला गवारीच्या शेंगा मोडत होती. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“तुझा आकडा परवा पाहिला मी,” ते म्हणाले. “खाली आलाय बराच. हल्ली नैवेद्य ठेवत नाहीस का?”

“कंटाळा आला त्याचा.”

“तुला? नैवेद्याचा?”

“माणसाला कंटाळा येऊ नये की काय?” ती म्हणाली आणि शेंगांची ताटली घेऊन आत गेली.

आत जाऊन तिने मनाशी हिशेब केला. कार्तिकी आली की पुन्हा सुरू करायचं. आकडा काय, चढेल. तोवर आपल्या सहीवाचून कुणाचं अडलंय? वसा घेतलाय तो टाकायचा नाही.

पण खेळ खरोखरच बिघडला. जन्मभर तिने मोकळी मैदानं पाहिली होती. प्यादं न देता, घोडा पुढे काढून सावकाश बांधत जायचा तो डाव तिला परक्या घरच्या स्वयंपाकघरासारखा वाटे; काय कुठे ठेवलंय ते सापडत नसे. समोरचं यंत्र तिच्या पायरीला साजेसं खेळे. ती उतरली की तेही उतरे, आणि तिथेही तिला हरवे. मंडळात पद्मजा म्हणाली, “चारू, किती दिवस देवाला उपाशी ठेवणार आहेस?” चारुशीला नुसती हसली.

*

अनंतचतुर्दशी होऊन गेल्यावर एका सकाळी विद्याधर उठलेच नाहीत. श्वास चालू होता, घशातून घरघर येत होती. शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलावली आणि माणूस परत मिरजेच्या दवाखान्यातल्या त्याच काचेच्या खोलीत गेला.

डॉक्टरांनी दोनच वाटा सांगितल्या. एक म्हणजे ‘सेतू’. मेंदूच्या मेलेल्या भागावर केसासारख्या तारांची जाळी बसवायची. श्वास, गिळणं, सगळं ती चालवते. माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो. दुसरी वाट म्हणजे काही करायचं नाही, त्रास होऊ नये एवढी औषधं द्यायची आणि घरी न्यायचं.

“घरी,” चारुशीला म्हणाली. “कुठे सही करू?”

निर्णयाच्या सह्या रेश्मा नायकवडी नावाची समुपदेशक घेत असे. तरुण, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. तिने पडद्याकडे पाहिलं, आणि खुर्ची चारुशीलेच्या जवळ ओढली.

“काकू, तुमची सही नाही चालणार.”

“मी बायको आहे त्यांची.”

“हो ना. पण तुमचा आकडा रेषेच्या खाली आहे. अशा वेळी निर्णय मुलाकडे जातो. येतायत ना ते?”

“अगं, मला सगळं समजतंय. तारीख विचार, वार विचार.”

“तारीख-वार शेवटी जातात, काकू.” रेश्माने तिच्या हातावर हात ठेवला. “माझ्या आजीचं असंच झालं. तिला कळलंच नाही. तुमचं लवकर दिसलंय, हे चांगलं आहे. औषधं आहेत आता.”

इतक्या मायेने बोलणाऱ्या माणसावर रागावायचं तरी कसं, हे चारुशीलेला सुचेना.

तन्मय दुपारच्या विमानाने हैदराबादहून आला. आल्या आल्या काचेला कपाळ टेकवून उभा राहिला. बाहेरच्या बाकावर आईशेजारी बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

“सेतू करूया, आई.”

“तन्मय, त्यांनी मला सांगितलं होतं. नळ्या नकोत, घरी ने म्हणाले होते. या बाल्कनीत बसून.”

“या?”

“आपल्या. आपल्या बाल्कनीत.” तिने काचेपलीकडे पाहिलं. “सेतू केल्यावर माणसं बोलतात का रे?”

“दहांतली तीन बोलतात.”

“सगळ्या वयांची मिळून ना? सत्तरीच्या पुढची किती?”

त्याने ते वाचलं होतं हे त्याच्या तोंडावरच दिसलं.

“तरुणांमध्ये बोलतात,” ती हळू आवाजात म्हणाली. “वय वाढेल तसं कमी. उतारच असणार तो. शेवटच्या पायरीवर कुणी बोलत नसेल. नुसते डोळे उघडे.”

“सरासरी आहे ती, आई. सरासरी म्हणजे बाबा नव्हेत.”

“आणि मी? दहांतल्या नऊ जणांवरून माझी सही काढून घेतलीत. मी तेवढी सरासरी?”

तन्मयने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तेव्हा मग, इतके दिवस जपलेलं, तिने सांगून टाकलं. आषाढी, बाळकृष्ण, हातावरचं पाणी. बोलताना जिभेवरून काहीतरी निसटून गेल्यासारखं तिला झालं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तिचा हात हातात घेतला, अगदी रेश्माने घेतला होता तसाच.

“आई, बाबांनी मला श्रावणातच फोन केला होता. तुझी काळजी करत होते. म्हणाले, आईने गँबिट सोडलाय, विचारलं तर कंटाळा आला म्हणते.”

“नेम सांगायचा नसतो म्हणून तसं म्हणाले मी.”

“त्या नायकवडी म्हणत होत्या,” तो अडखळत म्हणाला, “या आजारात माणसं खोटं बोलत नाहीत. पण जे जमेनासं होतं, त्याची कारणं त्यांना मागाहून सुचतात. आणि ती त्यांना खरीच वाटतात.”

“तू मला लहानपणापासून ओळखतोस ना रे?”

“म्हणून तर. तू बाबांपासून कधी काही लपवलं नाहीस.”

दरवर्षीचा चातुर्मास चारुशीलेने सगळ्यांपासून लपवला होता. इतका नीट लपवला होता की आता त्याला साक्षीदारच नव्हता.

*

फेरतपासणी मागता येत होती. रेश्मानेच ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रियेच्या आधी वेळही काढून दिली. लहानशी खोली, टेबलावर पडदा. पांढरे मोहरे चारुशीलेकडे आले.

पहिली चाल तिने केली. समोरून उत्तर आलं. दुसऱ्या चालीला तिचं बोट त्या प्याद्यावर जाऊन थांबलं.

कार्तिकी अजून लांब होती. आज हे प्यादं पुढे ढकललं की नेम मोडला. नाही ढकललं तर सही गेली. यांना घरात राहू दे म्हणून जे सोडलं, ते सोडल्यामुळेच ते घरी येणार नव्हते. तिने देवाला विचारून पाहिलं. एरवी पूजेच्या वेळी आत काहीतरी निवांत व्हायचं, कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आज खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

आणि तिथे बसल्या बसल्या तिला ते कळलं. आपण त्याच्यापुढेही तेच केलं होतं. एक प्यादं ठेवलं आणि म्हटलं, घे, आणि बदल्यात मला वाट मोकळी कर. चादरीवर काढलेला तो उतार तिला आठवला. खेळणारा जितका मोठा, तितकं असलं देणं त्याच्यापुढे कमी चालतं. मग जो सगळ्यांच्या वर बसलाय, त्याच्यापुढे ते काय चालणार होतं? तिने आयुष्यभर नुसतंच दिलेलंही होतं, काही न मागता. नेमकं हे एक मागून दिलं.

“क्षमा कर,” ती पुटपुटली आणि प्यादं पुढे सरकवलं.

यंत्राने ते घेतलं. मग तिला थांबवणारं कुणी नव्हतं. घोडा आला, उंट आला. यंत्राची प्यादी घोड्यावर चाल करून आली तशी तिने घोडाही तिथेच मरायला सोडला आणि राजाला कोपऱ्यात नेऊन बसवलं. हत्तीची वाट मोकळी झाली. वजीर, हत्ती, उंट, तिघांची तोंडं काळ्या राजाशेजारच्या एकाच घराकडे वळली. परक्या स्वयंपाकघरातून ती आपल्या घरी आली होती. अंधारातही डबा सापडला असता. काळ्या राजाला पळायला जागा उरली नाही. मात झाल्यावरच तिला कळलं की आपल्याला दरदरून घाम फुटलाय.

रेश्मा पडद्याजवळ येऊन उभी होती.

“किती सुंदर खेळलात, काकू.”

“आता करू सही?”

रेश्माने पडद्यावरचा आकडा पाहिला. “आकडा केसभर वर आला. गेल्या तीन महिन्यांचा मिळून धरतात तो. आणि काकू,” तिचा आवाज आणखी मऊ झाला, “लहानपणी पाठ झालेलं यंत्र फारसं धरत नाही. ते शेवटपर्यंत राहतं. माझ्याकडे एक आजोबा येतात. मुलाला ओळखत नाहीत, पण अथर्वशीर्ष एका दमात म्हणतात. एक अक्षर चुकत नाही.”

“घोडा दिला मी. तोही पाठच का?”

“तसा घोडा तुम्ही आयुष्यात किती वेळा दिला असेल, सांगा बरं?”

चारुशीलेने खूप वेळा दिला होता.

*

ती काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसली. पर्समधून जपाची माळ काढली, आणि मणी ओढण्याऐवजी तो दिवस आठवायचा प्रयत्न करू लागली. एकादशीची सकाळ. देवघर. हातावर पाणी. ते पाणी गार होतं हे तिला आठवत होतं. पण गेल्या वर्षीही तिने पाणी सोडलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. नेसली काय होती? विद्याधर तेव्हा झोपले होते की बाल्कनीत होते? तिने म्हटलेले शब्द तिला पाठ होते. पण ते तेव्हाचे होते की आत्ता, लागलेत म्हणून, सुचलेले? मंडळात एकदा प्याद्यावर हात ठेवून तिला भीती वाटली होती, हेही तिला आठवलं. ती नेमाच्या आधीची की नंतरची, ते काही केल्या जुळेना.

तन्मय सही करून आला. शेजारी बसून त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“मी चुकत असेन तर, आई…”

“मला माहीत नाही रे,” ती म्हणाली. कालपर्यंत तिला माहीत होतं.

आतून ढकलगाडी बाहेर आली. विद्याधरांचं डोकं भादरलेलं होतं, नाकात नळी होती, डोळे अर्धवट उघडे. ते कुणाकडे पाहत होते असं म्हणता आलं नसतं. गाडीबरोबर चालता चालता चारुशीलेने त्यांचा डावा हात हातात घेतला. तो ऊन होता. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी गाडी थांबली, आणि ती हात काढून घ्यायला गेली तर तो निघेना. त्यांच्या बोटांनी तिची बोटं धरली होती, घट्ट.

“हे बघ, तन्मय,” ती म्हणाली. “धरलंय त्यांनी. नको म्हणतायत.”

“आपोआप होतं ते, काकू,” गाडीबरोबरची परिचारिका म्हणाली. “तान्ही बाळं नाही का बोट धरत. समजून नसतं.”

तन्मयने मान दुसरीकडे वळवली. दार उघडून आतला माणूस वाट पाहत होता. परिचारिका म्हणाली, “मी सोडवू का?”

“नको,” चारुशीला म्हणाली. “तुम्ही ओढाल. त्यांच्या अंगठ्याला संधिवात आहे.”

आणि मग तिने स्वतःच, अंगठ्यापासून सुरुवात करून, त्यांचं एकेक बोट सोडवलं.